मदत हवी आहे : जाहिरातींतील प्रचारतंत्रे विद्यार्थ्यांना ओळखता येत नाहीत

खडूफळा : नमस्कार. जाहिरातींतील प्रचारतंत्रे हा घटक मी दोन आठवडे शिकवत आहे. सातही तंत्रांच्या व्याख्या मुलांना तोंडपाठ आहेत, परंतु जाहिरात समोर ठेवली की सारा वर्ग 'झुंडीचे आवाहन' (सगळे घेतात, म्हणून तुम्हीही घ्या) असे लिहून मोकळा होतो. काल टूथपेस्टच्या जाहिरातीत पांढऱ्या कोटातला माणूस ठसठशीत दिसत असतानाही बहुतेकांनी हेच उत्तर लिहिले. सोमवारी पुन्हा तास आहे. कृपया व्याख्या पाठवू नयेत, त्या माझ्याकडे आहेत. वर्गात चालेल असा उपक्रम सुचवावा.

अनुस्वार : मुलांचे वय काय, तास किती मिनिटांचा, जाहिरात छापील होती की पडद्यावर दाखवली, यांपैकी काहीच आपण सांगितलेले नाही.

जुना मास्तर : माझ्या मते दोष त्या यादीचा आहे. न्यूयॉर्कमध्ये १९३७ साली स्थापन झालेल्या 'इन्स्टिट्यूट फॉर प्रोपगंडा अनॅलिसिस' या संस्थेने ही सात तंत्रे मांडली, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर मुख्यतः राजकीय प्रचार होता. मी यादी शेवटी देतो आणि सुरुवात गोष्टीने करतो. १९२९ च्या ईस्टरला न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर काही स्त्रिया सिगारेट ओढत चालल्या आणि त्या सिगारेटींना 'स्वातंत्र्याच्या मशाली' म्हटले गेले. हा प्रसंग जनसंपर्क-तज्ज्ञ एडवर्ड बर्नेज यांनी एका सिगारेट कंपनीसाठी घडवून आणला होता. एवढे सांगून मी थांबतो आणि 'इथे जाहिरात कुठे आहे?' असे विचारतो. स्वातंत्र्याचे वलय वस्तूला कसे चिकटवले, हे मुले स्वतःच सांगतात; 'हस्तांतर' हा शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहितो.

शाईचा डाग : मी बरीच वर्षे जाहिरातींचा मजकूर लिहिला आहे, म्हणून स्पष्टच सांगतो : पटवून देणारी प्रत्येक गोष्ट प्रचार नसते. मुलांनाच जाहिरात करू द्या. एकाच साध्या पेन्सिलीसाठी एका गटाने नामवंताची शिफारस वापरावी आणि दुसऱ्याने 'मी तुमच्यातलाच एक' हा सूर लावावा. ज्याने सापळा रचला, त्याला तो लांबूनही दिसतो.

जुना मास्तर : हा प्रयोग मी केला आहे. मुले तासभर अक्षरे रंगवत बसतात.

शाईचा डाग : रंग हातात दिले तर रंगवणारच. फक्त दोन ओळींचा मजकूर मागावा.

सावध पालक : मोबाइलवरील जाहिराती बंद करण्याची सोय असते. ती घरोघरी वापरली, तर हा प्रश्नच उरणार नाही.

खडूफळा : तो माझा प्रश्न नव्हता. मुले तेरा-चौदा वर्षांची आहेत, तास चाळीस मिनिटांचा आहे आणि जाहिरात छापील होती.

अनुस्वार : आता दोनच गोष्टी सांगाव्यात : प्रश्नपत्रिकेत प्रश्न नेमका काय होता, आणि त्या माणसाखेरीज जाहिरातीत आणखी काय होते?

खडूफळा : प्रश्न होता, 'या जाहिरातीत वापरलेल्या तंत्राचे नाव लिहा.' चित्राखाली 'लाखो कुटुंबांची पसंती' अशी ओळ होती आणि तळाशी तारांकित बारीक मजकूर होता.

अनुस्वार : मग मुलांचे उत्तर चूक कसे? लाखो कुटुंबे म्हणजे झुंडच. जाहिरातीत तीन तंत्रे असताना आपण एकाच तंत्राचे नाव मागितले आणि मुलांनी सर्वांत सोपे दिले. सोमवारी तीच जाहिरात घ्यावी आणि प्रत्येक जोडीला कोऱ्या कागदाची पट्टी द्यावी. आधी कोट झाकायचा, मग ती ओळ, मग तळाचा मजकूर. प्रत्येक वेळी 'आता विश्वास कशामुळे कमी झाला?' याचे उत्तर एका वाक्यात लिहायचे. तंत्राचे नाव त्यानंतर विचारावे. तारांकित मजकूर मात्र मोठ्याने वाचून घ्यावा, कारण वर मोठ्या अक्षरांत केलेला दावा कोणत्या अटींवर खरा आहे, हे बहुधा तिथेच लिहिलेले असते.

शाईचा डाग : हे मान्य. फक्त 'सगळ्याच जाहिराती खोट्या असतात' या निष्कर्षावर वर्ग थांबू देऊ नका. तसे म्हणणारा विद्यार्थी निरखून पाहणे सोडून देतो. एखादी सरळ माहिती देणारी जाहिरातही त्या गठ्ठ्यात असू द्यावी.

खडूफळा : जाहिरात पुन्हा काढून पाहिली. त्या माणसाच्या गळ्यात स्टेथोस्कोप आहे. दात तपासायला स्टेथोस्कोप कशाला, हे दोन आठवड्यांत मुलांना सुचले नाही आणि मलाही नाही. कोटाबरोबर तोही झाकायला लावतो. पट्ट्या आजच कापून ठेवतो.