शब्दचर्चा: सरकार ‘अल्पमतात’ की ‘अल्पमताचं’?

सीताबर्डी मास्तर

स्पर्धा परीक्षेच्या वर्गात राज्यशास्त्र शिकवतो. एका मुलीने लिहिलं, ‘नरसिंह राव यांचे अल्पसंख्याक सरकार पाच वर्षे टिकले.’ मी ‘अल्पसंख्याक’ खोडून ‘अल्पमतातील’ केलं. तिने हरकत घेतली. म्हणे, सर, ‘सरकार अल्पमतात आले’ असं पेपरात येतं तेव्हा ते दोन दिवसांत पडतं. मग जे पहिल्या दिवसापासून तसंच होतं आणि पडलंच नाही, त्याला तोच शब्द कसा? मला काही चटकन सुचलं नाही. इथे जुनेजाणते लोक आहेत, म्हणून विचारतो.

महालकर

‘अल्पसंख्याक’ खोडलंत ते बरं केलं. तो शब्द राज्यघटनेच्या कलम २९-३० च्या चर्चेत इतका रुळलाय की ‘अल्पसंख्याक सरकार’ वाचलं की माणूस धर्म-भाषेकडे वळतो. पण मुलीचा मुद्दा खरा आहे. घोळ विभक्तीचा आहे. ‘अल्पमतात येणे’ ही घटना आहे: काल बहुमत होतं, आज गेलं. ‘अल्पमताचे सरकार’ हा प्रकार आहे: निवडणुकीतच आकडा भरला नाही, तरी सरकार बसलं.

दोन्हींची उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत. जून २०२२ मध्ये ठाकरे सरकार अल्पमतात आलं. ऑक्टोबर २०१४ मध्ये फडणवीसांनी शपथ घेतली तेव्हा भाजपकडे १२२ जागा होत्या आणि लागत होत्या १४५. ते जन्मतःच अल्पमताचं सरकार. शिवसेना तेव्हा विरोधी बाकांवर, एकनाथ शिंदे विरोधी पक्षनेते! आता सांगितलं तर पोरांना खोटं वाटतं. १२ नोव्हेंबरला विश्वासदर्शक ठराव आला, अध्यक्षांनी तो आवाजी मतदानाने मंजूर झाल्याचं सांगितलं. विरोधक मतविभाजन मागत राहिले. मग नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या तोंडावर सेना सरकारात आली आणि तो प्रकारच संपला.

काटोल रोड

अजी महालकर, आवाजी मतदानात अल्पमत आन् बहुमत कळतं तरी कसं? ज्याचा घसा मोठा त्याचं सरकार काय?

सिव्हिल लाइन्स, निवृत्त

विधिमंडळात प्रतिवेदक होतो, म्हणजे सभागृहात बोललेला शब्दन् शब्द टिपणारा. काटोलवाल्या भाऊंचा प्रश्न थट्टेचा असला तरी रास्त आहे. अध्यक्ष म्हणतात, अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’. मग ‘होयचे बहुमत, होयचे बहुमत’ आणि ठराव संमत. कोणी हरकत घेतली तर मोजणी. तिला ‘मतविभाजन’ म्हणतात, सदस्यांच्या तोंडी ‘पोल’. उभं करून डोकी मोजली तर ‘शिरगणती’. जुलै २०२२ चा विश्वासदर्शक ठराव शिरगणतीनेच झाला, १६४ विरुद्ध ९९.

पण मास्तरांच्या प्रश्नाला मी दुसरीकडून हात घालीन. ‘अल्पमत’ आपण सभागृहाच्या एकूण संख्येवरून ठरवतो. सभागृह मात्र तशी मोजणी करतच नाही. कलम १०० (विधानसभेसाठी १८९) सांगतं की निर्णय ‘हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या’ बहुमताने. म्हणजे जो आला नाही किंवा येऊनही मत दिलं नाही, तो गणतीतच नाही. अल्पमताचं सरकार या फटीत जगतं. त्याला पाठिंबा देणारे वाढवावे लागतात असं नाही. विरोधात मत टाकणारे कमी झाले तरी भागतं.

म्हणून या विषयात खरे महत्त्वाचे शब्द तीन: तटस्थ, गैरहजर, सभात्याग. पेपरवाले तिन्ही एकाच टोपलीत टाकतात आणि ते मला खटकतं. तटस्थ म्हणजे सभागृहात आहे, घंटा वाजली, दारं लागली, तरी होय नाही आणि नाहीही नाही. त्याची तशी नोंद होते. गैरहजर आलाच नाही. आजारी असेल, लग्नाला गेला असेल, किंवा त्याला लग्नाला पाठवलं असेल. सभात्याग हा भाषण करून, निषेध नोंदवून बाहेर पडण्याचा प्रकार. मोजणीत तिघांचा परिणाम एक, पण मतदारसंघात सांगायला तीन वेगळ्या गोष्टी.

डिसेंबर २०१२ आठवा. किराणा व्यापारात परदेशी गुंतवणूक नको, असा ठराव लोकसभेत आला. समाजवादी पक्ष आणि बसप दोघेही त्या गुंतवणुकीविरुद्ध बोलले आणि मतदानाच्या वेळी बाहेर गेले. ठराव २१८ विरुद्ध २५३ असा पडला. सरकार तरलं, आणि सभात्याग करणाऱ्यांना ‘आम्ही विरोधच केला’ म्हणायची सोय राहिली.

धंतोली वकील

काका, अगदी बरोबर, पण दोन ठिकाणी ही फट बुजते. घटनादुरुस्तीला हजर मतदारांचे दोन तृतीयांश तर लागतातच, शिवाय एकूण सदस्यसंख्येचं बहुमतही लागतं. तिथे गैरहजर राहणं म्हणजे विरोधात जाणंच. डिसेंबर २०११ मध्ये लोकपालाला घटनात्मक दर्जा देणारं विधेयक याच अटीवर अडकलं. दुसरं, अध्यक्षांना हटवण्याचा ठराव. तोही ‘तत्कालीन एकूण सदस्यांच्या’ बहुमताने.

आणि तटस्थ राहणं आता एकट्या सदस्याच्या हातात उरलेलं नाही. १९८५ च्या दहाव्या अनुसूचीत, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणं आणि मत न देणं दोन्ही सारखंच. पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही तर सदस्यत्व जाऊ शकतं. तेव्हा ‘अमुक आमदार तटस्थ राहिले’ या बातमीत बहुधा विचारावं, पक्ष तटस्थ होता की आमदार? वाक्य तेच, एकात डावपेच आहे आणि दुसऱ्यात बंड.

काटोल रोड

आदेशावरून आठवलं. व्हीपला ‘प्रतोद’ कोणी म्हटलं बाप्पा? माणसालाही प्रतोद आन् त्यानं काढलेल्या कागदालाही?

महालकर

माणूस प्रतोद, कागद ‘पक्षादेश’. प्रतोद संस्कृत आहे, तुद् म्हणजे टोचणे. तुमच्याकडे बैलाला टोचायला आर लावलेली पराणी असते ना, तीच. इंग्रजीत चाबूक आहे, आपण पराणी घेतली. पक्षादेश ‘बजावतात’, व्हीप ‘काढतात’. ‘प्रतोद बजावला’ असं मात्र लिहू नये, माणूस बजावता येत नाही.

सीताबर्डी मास्तर

छान चाललंय. आता ‘बाहेरून पाठिंबा’ घ्या. याला कोणी ‘टेकू’ लिहितं, कोणी ‘कुबड्या’. फरक आहे का?

धरमपेठ, पुस्तकवाली

मला तरी आहे असं वाटतं, सर. टेकू दुसरा कोणी लावतो आणि तोच काढतो. कुबड्या आपल्या काखेत असतात, आपण निवडलेल्या. १९९० मध्ये व्ही. पी. सिंगांच्या सरकारला एका बाजूने भाजप आणि दुसऱ्या बाजूने डावे, दोघेही बाहेरून. तो टेकू. भाजपने काढला, ७ नोव्हेंबरला विश्वासदर्शक ठरावावर १४२ विरुद्ध ३४६. पुढे चंद्रशेखर काँग्रेसच्या टेकूवर बसले, मार्च १९९१ मध्ये राजीनामा. सरकारात सामील असलेला लहान मित्रपक्ष मात्र कुबडी. त्याला खातं दिलेलं असतं, तो सहसा रात्रीतून निघून जात नाही. (‘सहसा’ हा शब्द महाराष्ट्रात जपूनच वापरावा, कबूल.)

सिव्हिल लाइन्स, निवृत्त

ताईंच्या यादीत तिसरा प्रकार हवा, जो मला सगळ्यात शहाणा वाटतो: ‘चालवून घेणे’. टेकू नाही, कुबडी नाही, नुसतं ‘असू दे, आत्ता पाडत नाही’. नरसिंह रावांचं सरकार १९९१ मध्ये असंच उभं राहिलं. पहिल्या विश्वासदर्शक ठरावावर जनता दलाची आघाडी आणि डावे तटस्थ राहिले. त्यांना रावांवर प्रेम नव्हतं. लगेच पुन्हा निवडणूक नको होती. मग अर्थसंकल्पाला एक गट चालवून घेई, दुसऱ्या विषयाला दुसरा. कायमचा मित्र नाही, दर विषयाला नवी जुळणी. रामटेकवरून दोनदा खासदार झालेला हा माणूस मराठी उत्तम बोलायचा, ‘वेळ मारून नेणे’ त्याला कोणी समजावून सांगायला नको होतं!

जुलै १९९३ मध्ये मात्र चालवून घेणारे आटले. अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ असा फेटाळला गेला. त्यातली काही मतं पैसे देऊन मिळवल्याचं प्रकरण पुढे न्यायालयात गेलं. लाच घेऊन सभागृहात मत देणाऱ्या खासदाराला संरक्षण आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये म्हटलं आणि मार्च २०२४ मध्ये सात न्यायाधीशांनी ते उलटवलं. ‘घोडेबाजार’ हा शब्द इथला. तो चालवून घेण्याच्या शेजारी राहतो, पण तो वेगळा शब्द आहे हे विसरू नये.

आणि मास्तर, विद्यार्थिनीला सांगा, ते पाचही वर्षं अल्पमताचं नव्हतं. १९९३ च्या अखेरीस जनता दलातून फुटलेल्या गटातले खासदार काँग्रेसमध्ये आले आणि आकडा भरला.

धरमपेठ, पुस्तकवाली

‘चालवून घेणे’ फार आवडलं. स्वीडनची तर पद्धतच त्यावर उभी आहे. तिथे पंतप्रधानाला बाजूने बहुमत लागत नाही, विरोधात बहुमत नसलं की पुरे. ३४९ च्या सभागृहात १७५ विरोधी मतं पडली तरच नाव बाद. जुलै २०२१ मध्ये स्टेफान लव्हेन पुन्हा पंतप्रधान झाले ते ११६ मतांवर! विरोधात १७३, तटस्थ ६०. मराठीत याला ‘अल्पमतात’ म्हटलं की आजारी माणसाची बातमी वाटते. तिकडे ती नेहमीची तब्येत.

काटोल रोड

११६ वर पंतप्रधान? आमच्या सहकारी सोसायटीत चपराशी नाही होत एवढ्यावर.

धंतोली वकील

आपल्याकडे एका मताची गोष्ट वाजपेयींची. १७ एप्रिल १९९९, २६९ विरुद्ध २७०. त्यावर ‘एका मताने पडले’ असं सगळे म्हणतात, हिशेब कोणी करत नाही. बाजूचं मत विरोधात गेलं तर फरक दोनाचा पडतो, नुसतं तटस्थ झालं तर एकाचा. सरकारच्या बाजूने असलेल्या नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ यांनी पक्षाचा आदेश मोडून विरोधात मत दिलं. ते पक्षासोबत राहिले असते तर २७० विरुद्ध २६९, सरकार वाचलं असतं. काँग्रेसचे गिरिधर गमांग ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते, पण खासदारकी सोडली नव्हती, म्हणून मत देऊ शकले. ते आले नसते तर २६९-२६९, आणि मग अध्यक्षांचं निर्णायक मत. एरवी अध्यक्षांना मत नाही, बरोबरी झाली तरच.

बरोबरीचं उदाहरण कॅनडाचं. मे २००५, पॉल मार्टिन यांचं अल्पमताचं सरकार, १५२-१५२. सभापती पीटर मिलिकन यांनी सरकारच्या बाजूने मत टाकलं. नोव्हेंबरात ते सरकार पडलंच.

महालकर

क्रियापदांबद्दलही लिहा कोणीतरी. माझ्या कानाला असं वाटतं: एका मतदानातून सुटलं तर ‘तरलं’, महिनोन् महिने ओढत राहिलं तर ‘तगलं’, स्वतःच्या बळावर असेल तर ‘टिकलं’. रावांचं १९९३ च्या जुलैत तरलं, त्याआधी दोन वर्षं तगलं. तसंच ‘पडलं’ म्हणजे मतदानात हरलं, ‘पाडलं’ म्हणजे आतल्याने केलं. १९७८ चं वसंतदादांचं सरकार (ज्यात आपले नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री होते) मतदानात हरलं नाही, शरद पवार बाहेर पडल्यावर राजीनाम्याने गेलं. तरी कोणीही ‘पडलं’ म्हणत नाही, ‘पाडलं’च म्हणतात.

सीताबर्डी मास्तर

शेवटचा एक अडलेला शब्द. ब्रिटनमध्ये ‘पेअरिंग’ चालतं. सरकारचा एक सदस्य येऊ शकत नसेल तर विरोधकांपैकी एक जण ठरवून मत देत नाही, म्हणजे फरक तोच राहतो. मार्च १९७९ मध्ये कॅलहॅन यांचं सरकार ३११-३१० असं पडलं, तेव्हा त्यांचा एक खासदार अत्यवस्थ होता आणि त्याला आणायचं नाही असं ठरलं. पेअरिंगला मराठीत काय म्हणू? ‘जोडगैरहजेरी’ केलं, पण ते जिभेवर बसत नाही.

काटोल रोड

अजी सर, तुमचा एक कमी, आमचा एक कमी. फिट्टंफाट म्हणा ना.

सिव्हिल लाइन्स, निवृत्त

कार्यवाहीत ‘परस्पर अनुपस्थिती’ लिहिलं असतं. पण टिपून झाल्यावर चहाला बसलो असतो तर मीही ‘फिट्टंफाट’च म्हटलं असतं.