सागाच्या कोवळ्या लागवडीतील रानमोडीचा बंदोबस्त

प्रश्न
नमस्कार. संगमेश्वर तालुक्यात आमची दोनेक एकर उताराची वरकस जमीन असून तेथे तीन पावसाळ्यांपूर्वी २ × २ मीटर अंतरावर साग लावला आहे. दरवर्षी गणपती झाल्यावर गडी लावून रानमोडी (झुडपासारखे वाढणारे तण) कोयत्याने तोडून घेतो. परंतु ती पुन्हा फुटते, फुलते आणि शिमग्यापर्यंत वाळून वणव्याची धास्ती लावते. मजुरी परवडेनाशी झाली आहे. तणनाशक फवारावे, की या तणावर सोडतात ती कीड मिळवावी, याविषयी जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ (दापोली)
कोयत्याने तोडल्यावर बुडखा जमिनीत शाबूत राहतो आणि एका दांड्याच्या जागी चार-पाच धुमारे येतात, त्यामुळे मजुरी देऊन आपण रानमोडीची छाटणीच करून घेत आहात. त्याऐवजी श्रावणात, माती पुरती भिजलेली असताना, झाड बुडाशी धरून ओढले तर ते बहुधा मुळासकट हाती येते. जुने गड्डे मात्र कुदळीनेच काढावे लागतात. उपटलेल्या झाडाच्या मुळांची माती झटकून, मुळे वर करून ते सागाच्या भोवती, पण खोडाला न चिकटवता, पसरावे. फुलोरा आलेला नसल्याने त्यातून बी पडण्याची भीती नसते आणि कोवळा पाला कुजून चांगले खत होते. न कुजलेल्या काटक्या उन्हाळ्यापूर्वी उचलाव्यात. हे तण आपल्याकडे साधारण डिसेंबर-जानेवारीत फुलते आणि नंतर त्याचे केसाळ बी वाऱ्यावर उडते, म्हणून फुलोऱ्यानंतर केलेली साफसफाई जवळजवळ वाया जाते.

सगळे रान एकदम उघडे करू नये. कोकणातल्या पावसात उतारावरची माती वाहून जाईल. प्रत्येक सागाभोवती मीटरभर जागा स्वच्छ ठेवावी, मधल्या पट्ट्यातून फक्त रानमोडी काढावी आणि स्थानिक गवत राहू द्यावे. सागाला भरपूर ऊन लागते, तसेच ते या तणालाही लागते. पानांचा मांडव जुळला की रानमोडी आपोआप मागे हटते, त्यामुळे खरा खर्च पहिल्या चार-पाच वर्षांचाच आहे. पुढे विरळणी करताना एकाच वेळी फार झाडे काढली, तर ऊन खाली उतरून हेच तण पुन्हा उभे राहते.

उत्तर २ (चंद्रपूर)
आमच्याकडच्या सागवनात रानमोडीपेक्षा घाणेरीचा जाच अधिक आहे. तिची फळे खाऊन बुलबुल आणि साळुंक्या बी पसरवतात, त्यामुळे ती वाऱ्याच्या दिशेने न येता पक्षी बसतात त्या झाडांखाली आधी उगवते आणि तेथेच प्रथम शोधावी लागते. तिचे मुख्य मूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर कापून झुडूप उलटे ठेवले तर ते सहसा पुन्हा फुटत नाही.

तणनाशकाबाबत मी सावधच राहीन. साग रुंद पानांचा आहे आणि ग्लायफोसेट या तणनाशकाचे तुषार पानांवर उडाले तर कोवळे झाड भाजते; शिवाय केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध घातले आहेत.

उत्तर ३ (पुणे)
किडीविषयी एक जुना दाखला आहे. घाणेरीसाठी १९४१ मध्ये टेलिओनेमिया हा पाने शोषणारा कीटक ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. चाचणीत तो सागाच्या फुलांवरही जगतो असे दिसल्याने तो नष्ट करण्यात आला, तरीही तो निसटला आणि पुढे रानात सापडला. घाणेरी मात्र आहे तेथेच आहे! रानमोडीच्या दांड्यावर गाठी करणारी सेसिडोकॅरेस ही माशी इंडोनेशियात बरीच उपयोगी ठरली आणि ती भारतातही आणलेली आहे. पण ती तणाला दुबळे करते, मारून टाकत नाही. परदेशी कीटक सोडणे हे सरकारी परवानगीचे आणि संशोधन संस्थांचे काम आहे, दोन एकरांच्या मालकाने त्यामागे लागू नये.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. यंदा श्रावणातच उपटणी करून घेतो. शेजारची जमीन पडीक असून बी तिथून येत राहणार, त्याचे काय करावे?

उत्तर १ (दापोली)
उडत येणारे बी अडवता येत नाही, परंतु आषाढात वीतभर उंचीची रोपे चिमटीने निघतात, त्यामुळे त्या बांधालगतच्या पट्ट्यावर आधी माणूस फिरवावा. वणवा अडावा म्हणून शेजाऱ्याला विचारून त्याच्या बाजूचीही चार-पाच मीटर रुंद पट्टी जानेवारीअखेर साफ करून घ्यावी. तीन वर्षांच्या सागाची साल पातळ असते, वणव्यात शेंडा मेला तर बुडातून धुमारे येतील, पण सरळ सोट गेलेला असेल.