मदत हवी आहे: फायबरच्या होडीच्या कण्याला झिजपट्टी कशी बसवायची?

कृष्णाकाठ_पलूस

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या तरुण मंडळाची १४ फुटी फायबरची होडी आहे. २०१९ च्या महापुरानंतर घरटी वर्गणी काढून घेतली. एरवी पैलतीराला मळा असलेल्यांना न्यायला-आणायला उपयोगी पडते, पण घेतली ती पुरासाठीच. २०२१ ला तिनं म्हातारी माणसं, लेकरं, शेरडं, सगळ्यांना बाहेर काढलं. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढताना होडी उलटली आणि माणसं बुडाली, ते आमच्या तालुक्यात कुणी विसरलेलं नाही. तेव्हापासून होडीत माणसं मोजूनच घेतो, आणि होडीत काही खोट राहिलेली मला चालत नाही. म्हणून हा धागा.

होडीच्या तळाला मधोमध जो उभा कणा असतो (कोकणात त्याला पठाण म्हणतात बहुतेक) तो झिजलाय. आमच्या घाटाच्या पायऱ्या काळ्या दगडाच्या. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आठ-दहा पायऱ्या होडी ओढत न्यावी लागते. त्याहून जास्त झीज पुरात झाली. पुरात होडी रस्त्यावरून चालते. चौकात छातीएवढं पाणी आणि पुढं चढाला घोट्याएवढं. डांबर, गतिरोधक, कंपाउंडच्या भिंती, द्राक्षबागेचे लोखंडी अँगल, काहीही तळाला लागतं. भरलेली होडी डांबरावर घासली की ती करकर तळपायाला कळते.

आत्ताची स्थिती अशी: नाळेपासून (होडीच्या पुढच्या टोकापासून) मागं साधारण अडीच फूट वरचा पांढरा जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, पूर्ण गेलाय, आतल्या काचेच्या धाग्यांच्या मॅटचे धागे दिसतात, नख घातलं तर धागा सुटून येतो. मागच्या टोकालाही फूटभर तसंच.

गेल्या वर्षी एका फॅब्रिकेशनवाल्यानं कण्यावर लोखंडी पट्टी स्क्रूनं मारून दिली आणि कडेनं सिलिकॉन भरलं. एका पावसाळ्यात पट्टी गंजून फुगली, निम्मी तुटून गेली. स्क्रू अजून आत आहेत. आणखी एक गोष्ट, जी मला जास्त खटकतेय: पूर्वी ही होडी चौघं उचलायचो, आता सहा जण लागतात.

बाजारात तयार चिकटपट्टी मिळते, रबरासारखी, पाठीला गोंद लावलेली. ती घ्यावी, का स्टेनलेसची पट्टी, का फायबरचेच थर वाढवावेत? मंडळाकडं नऊ हजारांच्या आसपास आहेत. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांला लागलं की आमच्याकडं होडी सज्ज ठेवायचा शिरस्ता आहे, त्यामुळं मे संपायच्या आत काम उरकायचंय. सध्या होडी शेडमध्ये पालथी घालून ठेवली आहे.

पठाण_मालवण

दादा, पट्टीचं नंतर बघू. चार माणसांची होडी सहा माणसांची झाली म्हणजे तिच्या पोटात पाणी आहे. वरची फळी आणि तळ यांच्यामध्ये पोकळी असते, तिच्यात बहुतेक होड्यांना फोम भरलेला असतो. स्क्रूच्या भोकांतून पाणी तिथं गेलंय. त्याच्यावर कुठलीही पट्टी मारलीत तर पाणी आत कोंडून घ्याल.

आणि पालथी ठेवू नका. पालथ्या होडीतलं पाणी तळाच्या भोकांशी येणारच नाही. सुलटी करा, नाळ दोन हात उंच टेकवा, मागचं टोक खाली. मग सगळ्यात मागचा स्क्रू काढा आणि खाली घमेलं ठेवा. काय निघतं, कशा रंगाचं, वास कसा, ते इथं लिहा.

कृष्णाकाठ_पलूस

काल संध्याकाळी केलं. मागचा स्क्रू निम्मा गंजलेला, पक्कडीनं फिरवला तर डोकंच हातात आलं. शेजारचा निघाला. आधी थेंब थेंब, मग करंगळीएवढी धार. चहासारखं तांबूस पाणी, ताक आंबल्यासारखा वास. रात्रभरात चार बादल्या भरल्या. सकाळी चौघांनी उचलून पाहिली, उचलली. इतके दिवस लक्षात कसं आलं नाही, याचं फार वाईट वाटलं. हीच होडी आम्ही गेल्या पावसाळ्यात पोरं बसवून पलीकडं नेलीय.

पठाण_मालवण

आता कळलं, हे महत्त्वाचं. उरलेले सगळे स्क्रू काढा, तुटलेले ड्रिलनं. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं कण्यावर बोटभर अंतरानं ठोकत जा. टणटण वाजलं तर थर धड आहेत. भद वाजेल तिथं थर सुटलेत, तेवढा भाग घासून काढूनच टाकायचा.

वरच्या फळीला मागच्या बाजूला हात जाईल एवढं झाकण कापून आतला फोमही बघा. पिळल्यावर पाणी निघालं तर तो नुसत्या उन्हानं वाळत नाही, काढून नवा घालावा लागेल, पाणी न पिणारा. होडी उलटली तर तिला तरंगत ठेवणारा तोच आहे, तिथं पैसे वाचवू नका.

वाळलंय का ते असं ओळखायचं: झिजलेल्या जागेवर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून बसवा आणि दिवसभर उन्हात ठेवा. आतून थेंब धरले तर ओल आहे. कागद कोरडा राहीपर्यंत थांबा.

शिवसागर_जावळी

मी कोयनेच्या बॅकवॉटरला, बामणोलीच्या बाजूचा. आमच्याकडं उन्हाळ्यात पाणी उतरत जातं तसा काठ रोज खाली सरकतो, रोज नवा मुरूम आणि नवा दगड. दोन होड्यांना हे काम स्वतः केलंय म्हणून लिहितो.

आधी ते सिलिकॉन. पात्यानं खरवडून पूर्ण काढा, मगच पॉलिश पेपर लावा. तसाच पेपर मारला तर सिलिकॉन घासून सगळीकडं पसरतं आणि त्याच्यावर पुढं काहीच धरत नाही. नंतर ८० नंबरनं घासून कडा उतरत्या करा, अ‍ॅसिटोननं पुसा. घासताना मास्क आणि लांब बाह्या हव्यातच, काचेची धूळ कातडीत शिरली की दोन दिवस खाज जात नाही.

मग ४५० ग्रॅमच्या (चौरस मीटरला) मॅटचे तीन थर पॉलिएस्टर रेझिनमध्ये, म्हणजे थर धरून ठेवणाऱ्या पातळ राळेत. पहिली पट्टी अरुंद, वरची प्रत्येक थोडी रुंद. हवा रोलरनं काढायची, पांढरा बुडबुडा राहिला तर तिथूनच पुन्हा सुटणार. काम सकाळी सहा-सातला सावलीत करा. सांगलीच्या एप्रिलात दुपारी रेझिन डब्यातच गोठेल. हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) शेकडा १ च्या आसपास ठेवा आणि एका वेळी अर्धा किलोच कालवा. पॉलिएस्टरऐवजी इपॉक्सी हे दुसऱ्या जातीचं रेझिन वापरणार असाल तर ही मॅट नको, विणलेलं कापड घ्या. या मॅटला धरून ठेवणारा गोंद पॉलिएस्टरमध्येच विरघळतो. माल कुपवाडच्या एमआयडीसीत विचारा.

स्टेनलेस पट्टी दगडाला नक्कीच जास्त टिकते, पण स्क्रू आले की भोकं आली. तुमची होडी त्याच दुखण्यातून उठतेय. मी चिकटपट्टी लावली असती.

पठाण_मालवण

दगडी पायऱ्यांवर चिकटपट्टीचं टोक उचकटतं, हे मात्र मी पाहिलंय. एकदा टोक सुटलं की ओढताना सगळीच सोलून निघते.

शिवसागर_जावळी

टोक पाण्याच्या रेषेखाली ठेवलं तर उचकटतंच. नाळेवर पाण्याच्या रेषेच्या वर वीतभर नेऊन संपवा, आणि दोन्ही टोकांना पॉलियुरेथेन सीलंटचा उतार द्या, सिलिकॉनचा नाही. लावताना दोघं जण लागतात: एकानं मागचा कागद सोडत जायचं, दुसऱ्यानं नाळेकडून मागं दाबत जायचं. एकदा टेकली की उचलून पुन्हा बसत नाही, म्हणून आधी मास्किंग टेपनं दोन्ही कडा आखून घ्या. नवीन फायबर आठवडाभर मुरू द्या, पुन्हा हलकं घासून पुसा, मग पट्टी. त्यानंतर तीन दिवस पाण्यात घालू नका.

कृष्णाकाठ_पलूस

दोघांचेही मनापासून आभार. मंडळाची काल बैठक झाली. स्क्रू नाही, हे ठरलं. तीन थर, वर नाळेपासून नऊ फूट चिकटपट्टी. घाटावर होडी ओढण्याऐवजी जुन्या ट्रकच्या टायरचे तुकडे पायऱ्यांवर टाकायचं पोरांनी कबूल केलंय.

मुठीनं ठोकून पाहिलं, नाळेजवळ हातभर जागा भद वाजते, तिथं खडूनं खूण केली आहे. फोम मागच्या बाजूचा ओला निघाला, पुढचा कोरडा. प्लॅस्टिकचा कागद काल सकाळी लावला होता, संध्याकाळी आतून मोहरीएवढे थेंब होते. आज पुसून पुन्हा लावलाय. तो कोरडा निघाला की कुपवाडला रेझिन आणायला जातो, आणि थर देताना फोटो टाकतो. काही चुकत असेल तर तेव्हाच सांगा.