मदत हवी आहे: सायनसमधली रक्ताची गाठ

नमस्कार मंडळी. नाशिकला पंचवटीतल्या आमच्या मामांच्या उजव्या नाकपुडीतून सारखं रक्त येतं, नाक चोंदलेलं. सीटी स्कॅनमध्ये गालामागच्या सायनसमध्ये, म्हणजे हाडातल्या पोकळीत, गाठ दिसली, शेजारचं हाडही झिजलंय. घरात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं! बायोप्सीत मात्र नुसतं साकळलेलं रक्त आणि फायब्रिन (रक्त गोठताना तयार होणारे प्रथिनाचे धागे). डॉक्टर म्हणतात, ऑर्गनाइज्ड हिमॅटोमा असावा, म्हणजे साकळून घट्ट झालेली रक्ताची गाठ, कॅन्सर नाही. पण वरवरच्या तुकड्यावर भरवसा नको, एमआरआय करून दुर्बिणीने अख्खी गाठ काढू आणि तपासायला पाठवू. पटतंय, तरी दुसरं मत हवंय. कॉलेज रोड-गंगापूर रोडकडे अशा शस्त्रक्रिया नेहमी करणारे कान-नाक-घसा तज्ज्ञ सुचवाल का? मामांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, तिचं काय करायचं ते हृदयाच्या डॉक्टरांनाच विचारायचं ना? घरगुती उपाय नकोत, कांदा हुंगवून झालाय.