बंदुकीचं ऑइल संपलंय, घरातलं कुठलं तेल चालेल?

हौशी_नेमबाज:
लायसन्सची बोल्ट अ‍ॅक्शन .२२ रायफल आहे (काडतुसामागची खीळ म्हणजे बोल्ट, ती हाताने मागेपुढे करायची), गन ऑइलची बाटली संपली आणि नवी यायला वेळ आहे. घरात शिलाई मशीनचं तेल, गाडीचं सिंथेटिक इंजिन ऑइल, डब्ल्यूडी-४०, झालंच तर खोबरेल एवढं आहे. एक जण म्हणाला काहीही चोपड, तेल ते तेल. पटत नाहीये.

जुना_बोल्ट:
काहीही नको रे बाबा! खायची तेलं तर अजिबात नको. हवा लागून ती हळूहळू घट्ट होतात, आधी चिकट आणि मग पिवळट वार्निशसारखा थर, तो फायरिंग पिनच्या (काडतुसावर आपटून बार उडवणारी पिन) भोकात बसला की पिन पुढे जाते पण जोर नसतो, काडतुसाच्या कडेवर पुसटशी खूण उमटते आणि बार काही उडत नाही, मग लोक काडतुसाला शिव्या घालत बसतात. खोबरेल त्या मानाने चिकट होत नाही पण २४ डिग्रीच्या आसपास गोठतं, थंडीत बोल्ट जड झालाच समज. इंजिन ऑइल बिनधास्त वापर, धातूवर धातू घासण्यासाठीच बनलंय ते. शिलाई मशीनचंही चालेल, फक्त पातळ आहे, ओघळून जातं, परत परत लावावं लागेल.

तिसरा_कोन:
मी तर सगळीकडे डब्ल्यूडी-४० मारतो, काही झालं नाही आजवर.

जुना_बोल्ट:
झालं नाही म्हणजे दिसलं नाही 😄 नावातला डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणं. १९५३ मध्ये ते गंज रोखायला काढलं होतं. भिजलेली बंदूक कोरडी करायला झकास, पण त्यातलं सॉल्व्हंट उडून जातं आणि मागे उरतो तो थर अगदी पातळ. ते मारून पूस आणि वर खरं तेल लाव. आणि काडतुसांजवळ फवारू नकोस, आत झिरपलं तर बार फुसका जाऊ शकतो.

हौशी_नेमबाज:
ओके, मग इंजिन ऑइल. किती लावू?

जुना_बोल्ट:
आधी बंदूक रिकामी आहे ना ते डोळ्याने आणि बोटाने दोन्ही तपास. मग जुनं सगळं पुसून बोल्टच्या घासून चकाकलेल्या जागांवर टाचणीच्या टोकाने थेंबभर, बोल्ट मागेपुढे कर, बाहेर आलेलं टिपून घे. जास्त तेल म्हणजे दारूची काजळी आणि धूळ धरून काळा चिखल. बंदूक ठेवून देताना नळीत तेलाचा हलका हात फिरवलास तर चालेल, पण झाडायच्या आधी नळी आणि चेंबर (काडतूस बसतं ती जागा) कोरडं हवंच. चेंबर तेलकट असेल तर काडतुसाचं कवच चेंबरच्या भिंतीला धरत नाही आणि मागचा सगळा धक्का बोल्टवर येतो.

छर्रेवाला:
मधेच घुसतोय, स्प्रिंगवाल्या एअर रायफललाही इंजिन ऑइलच का?

जुना_बोल्ट:
बाहेरच्या बिजागरीला चालेल. सिलिंडरमध्ये नको, हवा दाबली जाऊन इतकी तापते की तेल डिझेलसारखं पेटतं, सील आणि स्प्रिंग दोन्हींची वाट लागते. तिथे सिलिकॉन ऑइल, तेही कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलं असेल तरच.