मदत हवी आहे: फेवर-लुबा सी-चीफ (कॅलिबर २५३) – कंपनी परत आली, मग जुन्या घड्याळाचे पार्ट मिळतील का?

लंबक

नमस्कार मंडळी. घड्याळ आहे फेवर-लुबा सी-चीफ. चावीचं, तारीख नाही, स्टीलची केस, तबकडीवर 'ट्विन पॉवर' लिहिलेलं. आतल्या ब्रिजवर (मशीनच्या वरच्या पट्टीवर) कंपनीचं नाव, १७ ज्वेल (चाकांच्या आसांचे माणिक) आणि बॅलन्सजवळ (झुलणाऱ्या चाकाजवळ) २५३ हा कॅलिबरचा, म्हणजे मशीनच्या प्रकाराचा आकडा आहे.

पूर्ण चावी दिल्यावर टायमिंग मशीनवर आलेले आकडे: तबकडी वर ठेवून ॲम्प्लिट्यूड (बॅलन्स किती अंश झुलतो) १८५, चावी खाली ठेवून १४०. दिवसाला +९५ सेकंद. बीट एरर (दोन बाजूंच्या टिकटिकीतला फरक) ३.८ मिलिसेकंद. जेमतेम १४ तास चालतं. चावी शेवटी नीट अडते, गरगर फिरत नाही.

तीन गोष्टी हव्या आहेत.
१. ब्रँड पुन्हा सुरू झालाय. त्यांच्याकडून २५३ चे पार्ट मिळतील या भरवशावर थांबावं का?
२. तबकडी मूळची की रंगवलेली, हे कसं ओळखायचं? काट्यांचा रेडियम अंधारात झकास चमकतो, म्हणजे घड्याळ चांगल्या अवस्थेत असावं.
३. दुकानदार म्हणतो, 'पेट्रोलमध्ये धुऊन ऑइलिंग करतो, तबकडीही नवी करून देतो.' द्यावं का?

वाळूचं_घड्याळ

पहिल्या प्रश्नापुरतं. 'परत आली' म्हणजे नेमकं काय परत आलं ते आधी बघा. कंपनीचा मूळपुरुष, स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावचा अब्राहम फाव्र १७३७ चा, मुंबईत व्यापार १८६५ पासून, म्हणून आपल्याकडे घरोघरी ही घड्याळं सापडतात. पण क्वार्ट्झच्या (बॅटरीवरच्या घड्याळांच्या) लाटेत घराण्याच्या हातून कंपनी गेली आणि नाव एका मालकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिलं. २०११ मध्ये टायटनने ते २० लाख युरोला घेतलं, २०१६ मध्ये नवी घड्याळं आणली, तेही फार चाललं नाही. २०२३ मध्ये चंदीगडच्या इथॉस या घड्याळविक्रेत्या कंपनीने घेतलं आणि ऑगस्ट २०२४ मध्ये जिनिव्हात चीफ, डीप ब्लू, सी स्काय या नावांनी नवा संग्रह मांडला.

या सगळ्या खरेदीविक्रीत मुख्यतः नाव, बोधचिन्ह आणि जुन्या मॉडेलांची पुण्याई हातोहात गेली. २५३ हे कंपनीचं स्वतःचं मशीन, १९६० च्या दशकातलं, दोन बॅरलचं (चावीची स्प्रिंग ठेवायचे दोन डबे). नव्या चीफच्या पोटात आजचं ऑटोमॅटिक मशीन आहे. त्याचा एक स्क्रूही तुमच्या २५३ ला बसायचा नाही.

त्यांना मेल जरूर टाका. मागचं झाकण उघडून मशीनचा फोटो जोडा आणि स्पष्ट विचारा: २५३ उघडता का, काढलेले पार्ट परत देता का, तबकडीला हात लावता का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असं लेखी आल्याशिवाय कुरिअर करू नका. पण त्या उत्तरासाठी सर्व्हिसिंग अडवून ठेवू नका. पार्ट येणार ते दुसऱ्या जुन्या मशीनमधूनच.

बारीक_चिमटा

आकड्यांकडे वळू. १८५ आणि १४० मध्ये ४५ अंशांचा फरक आहे. तो जरा जास्त असला तरी एखादा पिव्हट (चाकाच्या आसाचं टोक) वाकलाय असं म्हणण्याइतका नाही. दोन्हीकडे ॲम्प्लिट्यूड पडलेलं म्हणजे ताकदच पोचत नाही: सुकलेलं तेल, मळ किंवा थकलेल्या स्प्रिंगा. चावी अडते, म्हणजे स्प्रिंग तुटलेली नसावी. टायमिंग मशीनवर लिफ्ट अँगल (ॲम्प्लिट्यूड काढायला मशीनला आधी द्यावा लागणारा कोन) ५२ असेल तर तोही अंदाजच आहे. तो चुकला तर ॲम्प्लिट्यूडचा आकडा चुकतो, सेकंदांचा नाही.

+९५ साठी उघडण्याआधी होकायंत्र जवळ धरा. घड्याळ चालू असताना सुई थरथरली तर हेअरस्प्रिंगमध्ये (बॅलन्सच्या केसासारख्या स्प्रिंगमध्ये) चुंबकत्व आहे. डिमॅग्नेटायझरवरून (चुंबकत्व काढायच्या यंत्रावरून) घड्याळ सावकाश हातभर लांब नेऊन मगच बटण सोडा. जवळ असताना सोडलंत तर उलट जास्त चुंबक बसतं. तरीही घड्याळ पुढे पळत असेल तर भिंगाखाली हेअरस्प्रिंग बघा. दोन वेटोळी तेलाने चिकटली की स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पुढे जातं.

खोलताना आधी ताण सोडा. क्लिक (चावी उलटी फिरू न देणारा खटका) मागे ओढून चावी चिमटीत सरकू द्या, एकदम सुटली तर दात जातात. बॅलन्स निघाल्यावर आणि पॅलेट फोर्क (चाकाचे दात एकेक करून सोडणारा काटा) काढण्याआधी ताण शिल्लक नाही याची पुन्हा खात्री करा. हे मशीन दोन बॅरलचं आहे, म्हणून एकदा जास्तच. दोन्ही बॅरल उघडा. बाहेर काढलेली स्प्रिंग उलट्या 'एस'सारखी उघडली तर तिच्यात जीव आहे. बांगडीसारखी गुंडाळून बसली तर गेली. बदलायच्या तर जोडीने बदला. एक नवी आणि एक थकलेली ठेवलीत तर दोन बॅरलचा उद्देशच संपतो. कॅटलॉगचा नंबर शोधत बसू नका. पट्टीची उंची आणि जाडी मायक्रोमीटरने, लांबी पट्टीने, बॅरलचा आतला व्यास व्हर्नियरने घ्या, टोकाचा हूक कसा आहे तो बघा आणि त्या मापाची मागवा. जाडीत ०.०१ मिमीचा फरकही जाणवतो. भरायची ती वाइंडरने (स्प्रिंग गुंडाळायच्या हत्याराने). बोटाने भरली की शंकूसारखी पिळवटते आणि झाकणाला घासते.

अर्धी_चावी

पेट्रोलच्या धुण्याबद्दल. पेट्रोल वाईट नाही, वाईट आहे ते न खोलता अख्खं मशीन बुडवून फुंकर मारणं. मळ ज्वेलच्या भोकातच राहतो, वर नवं तेल पडतं आणि त्याची खळ होते. महिनाभर छान चालतं, मग पुन्हा १८५.

स्पिरिट किंवा आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) मात्र पॅलेट फोर्क टाकू नका. त्यावरचे दोन इवले माणिक लाखेने चिकटवलेले असतात, तीच आपली बांगड्यांची लाख. स्पिरिटमध्ये ती विरघळते, खडा एक केसभर सरकतो आणि मग कितीही ॲडजस्ट करा, लॉक (खड्याने दात अडवणं) जमत नाही. इम्पल्स ज्वेलचंही (बॅलन्सला धक्का घेणाऱ्या खड्याचंही) तेच.

तेल (नंबर मोबियस कंपनीचे): बॅलन्स आणि जलद चाकांना ९०१०, सेंटर व्हील (मधलं चाक) आणि बॅरल आर्बरला (बॅरलच्या आसाला) डी-५, पॅलेटच्या खड्यांवर ९४१५. पॅलेटचे पिव्हट कोरडे. ज्वेलची वाटी अर्धी ते दोन तृतीयांश भरली की थांबा. काठोकाठ भरलं तर तेल ब्रिजवर पसरतं आणि पिव्हट कोरडाच राहतो. शिलाई मशीनचं तेल बघितलंत तर घड्याळ उचलून घरी या.

बीट एरर शेवटी. स्टड होल्डर (हेअरस्प्रिंगचं बाहेरचं टोक धरणारा भाग) सरकणारा असेल तर पाच मिनिटांचं काम. नसेल तर हेअरस्प्रिंगची कॉलेट (आतलं टोक धरणारी कडी) फिरवावी लागते, ते नवख्या हाताचं काम नाही. १ च्या खाली आलं तर पुरे, शून्याच्या मागे लागून स्प्रिंग वाकवू नका.

वाळूचं_घड्याळ

काटे 'झकास चमकतात' यावरच शंका घ्या राव! तबकडीच्या तळाशी 'टी स्विस टी' असेल तर ट्रिशियम (लेप चमकवणारा किरणोत्सर्गी पदार्थ), त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं. ६० वर्षांत सुमारे ३ टक्के उरतं. मूळ काटे आज चमकत नाहीत, फिके पिवळे दिसतात. लख्ख चमकतात म्हणजे लेप नवा. 'टी' नसेल आणि लेप तपकिरी असेल तर खरंच रेडियम असू शकतं, खरवडू नका, धूळ श्वासात जाऊ देऊ नका.

तबकडी १० पट भिंगाखाली धरा. मिनिटांच्या रेघा तासांच्या बसवलेल्या खुणांच्या बरोबर मध्यावर येतात का? अक्षरांच्या कडा फुगलेल्या आहेत का? रंग खुणांच्या मुळाशी साचलाय का? कंपनीचं वाळूच्या घड्याळाचं चिन्ह धातूचं चिकटवलेलं असेल तर त्याच्या पायांभोवती रंगाची पापडी दिसते का? सहाच्या खालचा 'स्विस' गायब किंवा वाकडा असेल तर तबकडी बहुधा रंगवलेली. परदेशातले संग्राहक अशांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. नाव आपल्या शहराचं, पण कौतुक नव्हे ते.

मूळ निघाली तर डाग असले तरी ठेवा. फक्त कोरडा ब्लोअर. ओला कापूस लावलात तर अक्षरंच कापसावर येतील.

लंबक

खूप आभार. होकायंत्राची सुई हलली. डिमॅग्नेटाइज केल्यावर +९५ चं +२२ झालं, ॲम्प्लिट्यूड तेवढंच. तबकडीवर 'टी स्विस टी' सरळ आहे, रेघा जुळतात, म्हणजे फक्त काटे नंतरचे. पार्टसाठी दुसरं मशीन घ्यायचं तर काय बघू?

बारीक_चिमटा

नंबर २५३ च हवा, 'तसंच दिसतं' चालणार नाही. बंद असलं तरी हरकत नाही, पण विक्रेत्याकडून बॅलन्स हलतानाचा व्हिडिओ मागवा. चाक सपाट फिरायला हवं, डगमगलं तर स्टाफ (बॅलन्सचा आस) गेलेला. हेअरस्प्रिंगची वेटोळी एकसारख्या अंतरावर हवीत. रॅचेट व्हील (बॅरलवरचं चावी भरायचं दातेरी चाक) आणि क्लिकवर गंज नको. स्टेमसकट (चावीच्या दांडीसकट) घ्या, या स्टेमचे आटे मागाहून जुळवणं कटकटीचं.

सर्व्हिसिंगनंतर पूर्ण चावीवर २६० ते २८०, चोवीस तासांनी २०० च्या वर, एवढं मागा. देण्याआधी मशीनचे, तबकडीचे, काट्यांचे फोटो काढा आणि पावतीवर स्वतः लिहा: 'तबकडी रंगवू नये, केस पॉलिश करू नये, काढलेले पार्ट परत द्यावेत.'