मदत हवी आहे: जुने सोन्याचे कफलिंक घ्यावेत की नकोत? (रविवारच्या आत सांगा)

वडगावची_लेक
नमस्कार. भावाचं लग्न ठरलंय, रिसेप्शन कोल्हापुरात आहे, तो कोट घालणार. त्याला माझ्याकडून सोन्याचे कफलिंक (शर्टाच्या कफला बटणाऐवजी लावतात ते) द्यायचे आहेत. नवीन करायला गेलं तर घडणावळच इतकी सांगतात की विचारूच नका. इथल्या बेळगावच्या कॅम्पातल्या एका ओळखीच्या घरातून जुनी जोडी विकायला निघाली आहे. साधी, खडा नाही, नक्षी नाही. मला तशीच हवी होती. ते म्हणतात सोन्याच्या भावाने द्या.

जोडी एका सराफांना दाखवली. त्यांनी दगडावर घासून वरून थेंब टाकला आणि "हे सोनं नव्हे, घेऊ नका" म्हणून परत दिली. विकणारे म्हणतात अस्सल आहे, शिक्कासुद्धा आहे. कोणाचं खरं मानायचं? रविवारी त्यांना हो की नाही ते कळवायचं आहे. घेतले तर चकाकी कशी आणायची तेही सांगा.

निपाणीकर
कशाला जुनं घेताय ओ ताई? दुसऱ्याच्या अंगावरचं सोनं, त्यात सराफ नको म्हणतोय. सरळ कोल्हापुरात गुजरीला जावा, २२ कॅरेटमध्ये नवीन करून घ्या, हॉलमार्क घ्या, विषय संपला. मी घरातलं सगळं तिथंच करतो.

शहापूर_कट्टा
ताई, थांबा जरा. वजन किती? शिक्का आहे म्हणता तो नेमका काय आहे? "सोन्याचा भाव" म्हणजे २४चा की २२चा? दोन्ही भाग जोडणारी साखळी आहे की मागे फिरणारी दांडी? यातलं काहीच लिहिलेलं नाही. आमच्या घरात तीन पिढ्या सोनारकाम आहे, पण एवढ्यावर कोणीच सांगू शकणार नाही.

फौजीकाका
आणि भावाच्या शर्टाला डबल कफ आहे का? दुमडून घालायचा, बटण नसलेला. ते आधी बघा.

कायदेशीर_बोलूया
मोबाईलवर बीआयएस केअर अॅप घ्या, दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख क्रमांक) टाका, लगेच कळतं. १ एप्रिल २०२३ पासून सराफाला एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. नंबर नसेल तर घेऊ नका.

शहापूर_कट्टा
@कायदेशीर_बोलूया, तो नियम दुकानातून विकणाऱ्या सराफाला आहे. घरातलं जुनं सोनं घरच्यांनी विकायला त्याची आडकाठी नाही. एचयूआयडी आला २०२१ मध्ये. त्याआधीच्या डागावर (दागिन्यावर) तो कुठून येणार?

वडगावची_लेक
वजन त्यांच्या घरच्या काट्यावर ८ ग्रॅम, दोन्ही मिळून. भाव २२ कॅरेटचा मागतात. मागे दांडी नाही, दोन लंबगोल चकत्या आणि मधे बारीक साखळी. भिंगातून बघितलं तर ९, मग .३७५, मग जहाजाच्या नांगराचं चित्र, एक इंग्रजी अक्षर आणि बाजूला वेगळ्या चौकटीत दोन अक्षरं. ह्याचा एचयूआयडीशी काय संबंध ते मला माहीत नाही. घ्यायचं का नाही तेवढं सांगा की.

साता_समुद्रापलीकडून
एवढं कळल्यावर पुष्कळ उलगडा होतो. मी बरीच वर्षं इंग्लंडात काढली, अशा जोड्या तिथल्या जुन्या बाजारात खूप बघितल्या. नांगर हा बर्मिंगहॅमच्या तपासणी कचेरीचा शिक्का. लंडनचा असता तर बिबट्याचं तोंड असतं. ९ आणि .३७५ म्हणजे ९ कॅरेट, हजारात ३७५ भाग सोनं. एकटं इंग्रजी अक्षर वर्षाचं, त्याच्या वळणावरून आणि चौकटीच्या आकारावरून साल काढता येतं. दोन अक्षरं बनवणाऱ्याची. ९ च्या शेजारी टिंबासकट .३७५ अशी पद्धत १९७५ च्या आधीची आहे. शिक्के खरे असतील तर जोडी पन्नास वर्षांपलीकडची आहे. वर्षाचं अक्षर कुठलं आहे ते लिहा, साल शोधून देतो.

निपाणीकर
म्हणजे सराफ बरोबरच बोलला. ९ कॅरेट म्हणजे निम्म्याहून जास्त दुसरे धातूच की. त्याला सोनं कोण म्हणणार?

शहापूर_कट्टा
सराफांनी खोटं सांगितलं नाही, पण अर्धंच सांगितलं. आपल्याकडे कसोटीचा दगड आणि तेजाब (वरून टाकतात ते आम्ल) सगळं २२च्या सवयीचं. ९ कॅरेटची रेघ तेजाबात विरून जाते, मग "सोनं नव्हे" असं तोंडातून निघतं. पण ३७.५ टक्के सोनं त्यात आहेच. आणि आता भारतातही जुलै २०२५ पासून ९ कॅरेटला हॉलमार्क आहे.

ताई, खरी अडचण भावाची आहे, ती नीट वाचा. ८ ग्रॅमला .३७५ ने गुणा, शुद्ध सोनं ३ ग्रॅम. २२ कॅरेटचं ८ ग्रॅम असतं तर शुद्ध ७.३ ग्रॅमच्या पुढे गेलं असतं. ते तुमच्याकडून जवळजवळ अडीचपट मागतायत. मुद्दाम फसवतायत असं मी म्हणत नाही. घरात "सोनं" म्हणून ठेवलेलं, त्यांनाही कॅरेट माहीत नसेल. पण २२च्या भावाने एक गुंजही घेऊ नका.

चिकोडीची_सून
चकाकीचं मी सांगते. रिठे रात्री भिजत घाला, सकाळी कुस्करून कोमट करून घ्या, त्यात दागिना थोडा वेळ ठेवा, मऊ ब्रशने हलक्या हाताने घासा, साध्या पाण्यातून काढून मऊ सुती कापडाने टिपा. आमच्या सासूबाई मामंजींच्या सदऱ्याची सोन्याची बटणं अशीच उजळायच्या. साखळीत ओवलेली बटणं होती ती, अजून नव्यासारखी दिसतात. तुम्ही भावाला बटणंच का करत नाही? सदऱ्यावर, झब्ब्यावर आयुष्यभर घालता येतात. कोट काय, लग्नात एकदा आणि मग कपाटात.

खानापूर_रोड
टूथपेस्ट लावा, दोन मिनिटांत चमकतं.

शहापूर_कट्टा
टूथपेस्ट अजिबात नको! त्यात घासणारी पूड असते. साध्या गुळगुळीत चकतीवर तिचे ओरखडे लगेच दिसतात, नक्षीच्या दागिन्यात निदान लपतात तरी. शिवाय प्रत्येक घासणीला शिक्का पुसट होतो आणि ह्या जोडीची सगळी ओळख शिक्क्यात आहे. सराफाकडे बफिंगलाही देऊ नका, चाकावर सोनं जातं आणि कडा गोल होतात.

खानापूर_रोड
आम्ही कित्येक वर्षं करतोय, काही झालेलं नाही.

चिकोडीची_सून
झालेलं दिसत नाही म्हणजे झालं नाही असं नसतं हो दादा. वजन करून बघा कधीतरी.

प्रश्न_माझाही_आहे
याच धाग्यात विचारतो. आजीचे चांदीचे पैंजण आहेत, एकाची कडी तुटली आहे. दुरुस्ती कुठे करावी? आणि सोनं-चांदी घेऊन महाराष्ट्रात जाताना सीमेवरच्या कोगनोळी नाक्याला अडवतात का?

निपाणीकर
चांदी म्हणजे हुपरी. पैंजणाचं गाव आहे ते, घराघरात काम चालतं, नवी कडी बसवून मिळेल. कोगनोळीला एरवी कोण विचारत नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की तपासणी असते, तेव्हा पावती जवळ ठेवा.

फौजीकाका
परत कफलिंकवर येऊ. निपाणीकर, २२ कॅरेटचे कफलिंक करा म्हणून सांगणं सोपं आहे, ते वापरून बघितलंय का? मी नोकरीत असताना मेसच्या जेवणाला नेहमी कफलिंक घालायचो. मनगट टेबलावर आपटतं, कोटाच्या अस्तराला घासतं, साखळी दर वेळी भोकातून ओढली जाते. २२ कॅरेट त्याला मऊ पडतं, कडी ताणते, चकतीला पोचे येतात. तांबं-चांदी मिसळलेलं ९, १४ किंवा १८ कॅरेट या कामाला जास्त टिकतं. तिकडच्या लोकांनी ९ कॅरेटमध्ये केले त्याला स्वस्ताई हे एक कारण, टणकपणा हे दुसरं.

ताई, साखळी चकतीला जिथे अडकते ती कडी भिंगातून बघा. झीज तिथेच होते. कडी एका बाजूला दोऱ्याइतकी बारीक झाली असेल तर कार्यक्रमात तुटेल आणि एक चकती हरवेल. चारही टोकं बघा. दोन्ही कफलिंकच्या साखळ्या सारख्या लांबीच्या आहेत का तेही बघा. नसतील तर एक कधीतरी बदललेली आहे.

शहापूर_कट्टा
काकांना पुस्ती. कडी दुरुस्त करायची वेळ आली तर कारागिराला आधी "९ कॅरेट आहे" म्हणून सांगा. शुद्ध सोनं १०६४ अंशाला वितळतं, ९ कॅरेट त्याच्या बरंच आधी. २२च्या अंदाजाने आच दिली तर कडीच वितळून जाईल. आणि २२ कॅरेटचा जोड लावला तर पिवळा ठिपका कायम दिसत राहील. लेझरने जोडणारा कारागीर मिळाला तर उत्तम.

वडगावची_लेक
धागा पैंजणावर आणि टूथपेस्टवर गेला. मला दोनच गोष्टी सांगा. खरे आहेत हे रविवारच्या आत कसं पटवून घ्यायचं? आणि किती द्यायचे? अक्षर पुसट आहे, नीट लागत नाही.

शहापूर_कट्टा
१. टंच काढून घ्या, म्हणजे सोनं किती टक्के आहे ते तपासून घ्या. बीआयएस मान्यतेच्या हॉलमार्किंग केंद्रात कोणीही आपला डाग तपासून घेऊ शकतो, यादी त्यांच्या संकेतस्थळावर आहे. चार नगांपर्यंत २०० रुपये शुल्क ठरलेलं आहे. मशीनवर तपासतात, डाग कापावा लागत नाही. पण मशीन वरचा थरच वाचतं, म्हणून त्यांना सांगा की चकतीच्या तोंडावर एक आणि झिजलेल्या कडीवर एक असं दोन ठिकाणी घ्या. दोन्हीकडे ३७-३८ टक्क्यांच्या आसपास आलं तर आतपर्यंत तेच आहे. कडीवर आकडा एकदम घसरला तर वर पत्रा आहे, आत दुसरं काहीतरी.

२. घरी बघायचं तर ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा लागेल. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. जोडी दोऱ्याने पाण्यात लटकवा, तळाला लागू देऊ नका, बुडबुडे झटका. ८ ग्रॅमचं ९ कॅरेट असेल तर आकडा ०.७ च्या आसपास येतो, पितळ असेल तर ०.९५ च्या जवळ. तुमच्या जोडीत स्प्रिंग नाही, साखळी आहे, म्हणून हा प्रयोग चालेल. दांडीच्या जोडीत पोलादी स्प्रिंग असली की तो फसतो आणि लोहचुंबकही उगाच घाबरवतं.

३. पैसे: ३ ग्रॅम शुद्ध सोन्याची त्या दिवशीच्या २४च्या भावाने किंमत. त्यावर जुन्या कामाचे, जोडी अखंड असल्याचे म्हणून तुम्हाला वाटतील तेवढे वर द्या. विकत घ्यायचे ते घालण्यासाठीच. उद्या मोडीत द्यायला गेलात तर मिळेल ते ३ ग्रॅमचंच, तेही घट धरून.

४. साध्या कागदावर का होईना लिहून घ्या: वजन, शिक्क्यांचं वर्णन, रक्कम, दोघांच्या सह्या. पैसे बँकेतून द्या.

साता_समुद्रापलीकडून
पत्र्याचे असते तर त्यावर नांगर नसता. मुलामा दिलेल्या वस्तूला तिथे सोन्याचा हॉलमार्क देत नाहीत. तिच्यावर "रोल्ड गोल्ड" किंवा १/२० असं काहीतरी लिहिलेलं असतं. तरी शिक्का नकली मारता येतो, म्हणून टंच काढाच. अक्षर पुसट आहे ते वापराने झालेलं असणार. ते उजळायच्या भानगडीत पडू नका.

निपाणीकर
मला अजूनही पटत नाही, पण ३ ग्रॅमच्या हिशेबाने मिळत असेल तर तोटा नाही हे मान्य. २२च्या भावाने घेऊ नका एवढं नक्की.

वडगावची_लेक
केंद्रात जाऊन आले. चकतीवर आणि कडीवर, दोन्हीकडे ३७ आणि ३८ च्या मधे आलं. विकणाऱ्या काकूंना तो तपासणीचा कागद दाखवला. त्यांचा विश्वास बसेना, मग त्यांच्या मुलाने गुणाकार करून दाखवला. ३ ग्रॅमची किंमत आणि वर थोडे, असं ठरलं. लिहूनही दिलं. शहापूर_कट्टा आणि साता_समुद्रापलीकडून, तुम्ही नसता तर मी एक तर सोडून दिले असते नाहीतर अडीचपट मोजले असते. मनापासून आभार.

आता भावाला विचारलं तर शर्ट शिवून तयार आहे आणि त्याला साधा बटणाचा कफ आहे. काय करू?

चिकोडीची_सून
अभिनंदन! ठेवताना मऊ कापडाच्या वेगळ्या पिशवीत ठेवा, रबर बँड लावू नका. रबरातल्या गंधकाने कमी कॅरेटचं सोनं काळवंडतं. अत्तर आधी मारायचं, कफलिंक नंतर. घालून झाल्यावर घाम पुसून ठेवायला सांगा. पोहायला जाताना तर नकोच, क्लोरीन फार वाईट.

फौजीकाका
म्हणून तर पहिल्यांदाच विचारलं होतं. काळजी नको, वेळ आहे. शिंप्याकडे तेच कापड शिल्लक असेल तर दोन्ही कफ उसवून डबल कफ लावून मिळतात. कापड नसेल तर पांढऱ्या कापडाचे कफ लावा, रंगीत शर्टावरही ते शोभतात. तेही जमत नसेल तर आहे त्या कफाचं बटण काढून त्याच जागी समोरासमोर दुसरं काज करून घ्या. कफाच्या दोन्ही कडा आतून एकमेकींना चिकटतील अशा धरायच्या आणि साखळी दोन्ही काजांतून ओवायची. जाताना जोडी शिंप्याला बरोबर न्या. लंबगोल चकती आडवी करून काजातून जायला हवी, आणि साखळी आखूड असल्याने काज कडेपासून फार आत नको. भावाला आदल्या दिवशी एकदा घालून बघायला लावा. डाव्या हाताने उजवा कफलिंक लावणं सवयीशिवाय जमत नाही.